जागा कमी पडते तेव्हा काय वगळायचे?
लहान लिनक्सचा इतिहास आणि देवनागरी

२००६ साली आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला एक जुना संगणक देणगी म्हणून मिळाला. एका कार्यालयाने तो मोडीत काढला होता. पेंटियम-२ प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि २ जीबीची हार्ड डिस्क एवढाच त्याचा ऐवज. ग्रंथपालबाईंची अपेक्षाही माफक होती. दाखल नोंदवहीतली पुस्तकांची यादी संगणकावर यावी, आणि वाचकाने एखादे नाव विचारले की ते शोधता यावे, बस्स. संगणकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. जुन्या कागदपत्रांच्या नादात हे यंत्र हाताळायला शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर मी हे काम अंगावर घेतले.

एवढ्याशा डिस्कवर त्या वेळचे नवे विंडोज मावण्यासारखे नव्हते आणि त्यासाठी पैसेही नव्हते. म्हणून एका मित्राकडून लहान आकाराच्या लिनक्सची सीडी आणली. दोन मिनिटांत पडद्यावर नीटनेटका डेस्कटॉप उभा राहिला. बाई खूश झाल्या. मग मी घरून फ्लॉपीवर आणलेली पहिल्या पन्नास पुस्तकांची यादी उघडली. मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनासारखे एक चिन्ह, मग आणखी काहीतरी, अशी तीन-तीन चिन्हांची रांग ओळीमागून ओळ दिसू लागली. "अहो, ही कुठली भाषा म्हणायची?" बाईंनी विचारले. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधताना लहान लिनक्सचा सगळा इतिहास चाळावा लागला. कमी जागेत लिनक्स बसवणाऱ्या प्रत्येकाला काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे ठरवावे लागले आहे. या वगळण्याच्या निर्णयांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९९१ : एकाच ऋतूतल्या दोन घटना

लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चागटात जाहीर केले की, आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत. सप्टेंबरात तिची ०.०१ ही पहिली आवृत्ती बाहेर पडली. सुमारे दहा हजार ओळींचा तो कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा होता. आजच्या लिनक्स कर्नलमध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत.

लहान यंत्राची अडचण या प्रकल्पाला पहिल्या काही महिन्यांतच भेटली. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याच्या संगणकात फक्त २ एमबी मेमरी होती आणि तेवढ्यात त्याला कर्नल कंपाइल करता येईना. १९९१च्या नाताळच्या सुटीत टोरवाल्ड्सने मेमरी कमी पडली की डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरण्याची सोय लिहिली. त्याच्या स्वतःच्या यंत्रात ४ एमबी मेमरी होती, त्याला स्वतःसाठी तिची गरज नव्हती. एका अनोळखी माणसाची अडचण त्याच्यापर्यंत पोहोचली, म्हणून ती सुटली. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. जी अडचण कर्त्याच्या कानावर पडली तिची सोय झाली, हे पुढे वारंवार दिसेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीनंतर महिनाभरातच, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरी होती. तिची मांडणी 'इस्की' या भारतीय मानकाच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली होती. लिनक्स आणि युनिकोडमधली देवनागरी, दोघी एकाच शरद ऋतूतल्या. तरी लहान लिनक्सवर त्यांची गाठ पडायला बरीच वर्षे जावी लागली.

फ्लॉपीचे दिवस

सुरुवातीला लिनक्स दोन फ्लॉप्यांवर मिळत असे. एच. जे. लू यांनी तयार केलेल्या या जोडीपैकी 'बूट' फ्लॉपीने यंत्र चालू करायचे आणि मग 'रूट' फ्लॉपी घालून हाताशी लागणारी अवजारे मिळवायची. नुसता कर्नल कोणाच्याच उपयोगाचा नसतो. कर्नल, अवजारे, संपादक, छपाईची व्यवस्था असे सगळे एकत्र बांधून द्यावे लागते. या गाठोड्याला डिस्ट्रिब्यूशन, बोलताना 'डिस्ट्रो', म्हणतात. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या शिदोरीसारखेच हे. काय बांधायचे ते वाट किती लांब आणि पिशवी केवढी यावर ठरते.

१९९३ साली पॅट्रिक व्होल्कर्डिंगने 'स्लॅकवेअर' आणले. त्याचे सामान अक्षरांच्या मालिकांत विभागलेले होते. 'ए' म्हणजे पाया, 'एन' म्हणजे नेटवर्क, 'डी' म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची साधने, 'एक्स' म्हणजे चित्रमय पडदा. ज्याच्याकडे जागा कमी, त्याने 'एक्स' मालिकेच्या फ्लॉप्या उतरवायच्याच नाहीत. पूर्ण माहितीनिशी काय सोडायचे हे ठरवण्याची मुभा येथे वापरणाऱ्याला होती. त्याच वर्षी इयन मरडॉकने 'डेबियन' सुरू केले आणि त्यातून पुढे लहान लिनक्सचे सर्वांत महत्त्वाचे अवजार जन्माला आले.

डेबियन बसवण्याची आणि बिघडल्यास दुरुस्त करण्याची व्यवस्था एका फ्लॉपीत यावी, असा ब्रूस पेरेन्स यांचा हेतू होता. फ्लॉपी १.४४ एमबीची. युनिक्सची नेहमीची अवजारे, म्हणजे यादी दाखवणारे, नक्कल करणारे, शोधणारे असे डझनावारी छोटे प्रोग्रॅम. प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा ठेवला की प्रत्येकाबरोबर काही सामाईक भाग पुन्हा पुन्हा येतो आणि जागा खातो. पेरेन्सनी १९९५ साली 'बिझीबॉक्स' लिहायला घेतले. त्यात प्रोग्रॅम एकच, त्याला नावे मात्र अनेक. ज्या नावाने हाक मारावी ते काम तो करतो. आपल्याकडचा बहुरूपी जसा एकच माणूस असून कधी पोलीस तर कधी साधू होऊन दारात उभा राहतो, तसा हा प्रकार. आज राउटरपासून टीव्हीपर्यंत असंख्य उपकरणांत हा बहुरूपी राबतो आहे.

टॉम ओह्सर याने तर फ्लॉपीच मोठी केली. नेहमीपेक्षा जास्त सेक्टर आणि जास्त ट्रॅक आखून १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर त्याने १,७२२ केबी मजकूर बसवला. 'टॉम्सआरटीबीटी' नावाची त्याची एक-फ्लॉपी लिनक्स नव्वदच्या दशकात बिघडलेली यंत्रे जिवंत करणाऱ्यांच्या खिशात असायची.

हे सगळे कौतुकास्पदच आहे. पण या फ्लॉप्यांवर चित्रमय पडदा नव्हता. काळ्या पडद्यावर ठरावीक चौकटीत एकेक अक्षर, एवढाच मामला. लिनक्सच्या या साध्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती धरता येतात, आणि अक्षरे जोडून जोडाक्षर करणे त्याला येत नाही. रोमन लिपीचे यात काही अडत नाही. देवनागरीला येथे प्रवेशच नव्हता. भारतात याच अडचणीवर वेगळा तोडगा निघाला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या 'जिस्ट' तंत्राचे वेगळे कार्डच संगणकात बसवत. लिपी सॉफ्टवेअरमध्ये मावत नव्हती, म्हणून ती हार्डवेअरमध्ये ठेवली गेली.

पन्नास एमबीची मर्यादा

सीडी आल्यावर जागेचा हिशेब बदलला. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २०००च्या सुमारास 'क्नॉपिक्स' तयार केले. ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे २ जीबीचे प्रोग्रॅम दाबून बसवायचे आणि वाचताना लागेल तेवढाच तुकडा उलगडायचा, ही त्यामागची युक्ती. फिलिप लाउगरचे 'स्क्वॉशएफएस' याच जातीचे. २००२ पासून त्यावर काम सुरू होते आणि २००९ मध्ये ते अधिकृत कर्नलमध्ये दाखल झाले. लहान लिनक्स बांधणाऱ्यांचे ते आजही मुख्य साधन आहे.

त्या काळी व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या छोट्या सीडी मिळत. त्यांत सुमारे ५० एमबी मावत. जॉन अँड्र्यूज याने हीच मर्यादा स्वतःला घालून घेतली आणि क्नॉपिक्सच्या आधारे 'डॅम स्मॉल लिनक्स' ही डिस्ट्रो उभी केली. ४८६ जातीच्या प्रोसेसरवर आणि १६ एमबी मेमरीत ती चालू होई. वेब ब्राउझर, ई-मेल, गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, कोष्टके, सगळे ५० एमबीच्या आत. २००३ साली ऑस्ट्रेलियात बॅरी कॉलर यांनी 'पपी लिनक्स' सुरू केले. ते पूर्णपणे मेमरीत चढते आणि वापरणाऱ्याचे काम एका फाइलमध्ये जपून ठेवते, त्यामुळे डिस्क नसली तरी चालते. डॅम स्मॉलमध्ये काम केलेले रॉबर्ट शिंगलडेकर पुढे वेगळ्या वाटेने गेले आणि जानेवारी २००९ मध्ये त्यांच्या 'टायनी कोअर'ची पहिली आवृत्ती आली. चित्रमय पडद्यासह तिचा आकार सुमारे १० एमबी होता. तिच्यात जवळपास काहीच भरलेले नसते. गाभा घ्या आणि लागेल ते स्वतः आणून जोडा. म्हणजे स्लॅकवेअरच्या मालिकांमागची वृत्ती पुन्हा आली. अट एकच, जोडायचे सामान उतरवायला इंटरनेट हवे. टायनी कोअर आली तेव्हा आमच्या वाचनालयात ते नव्हते.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळतो. खिडक्या, बटणे आणि मजकूर पडद्यावर काढण्यासाठी प्रोग्रॅम एखाद्या सामाईक साधनसंचाचा आधार घेतात. 'जीटीके' हा त्यांपैकी एक. त्याची १.२ ही आवृत्ती १९९९ची. ती आटोपशीर होती, पण युनिकोडची नीट जाण तिला नव्हती. मार्च २००२ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीबरोबर 'पँगो' नावाचा भाग आला. 'कि' लिहिताना वेलांटी टाइप होते क नंतर, पण दिसायला हवी क च्या आधी. 'ष्ट्र' हे पाच चिन्हांचे मिळून एक जोडाक्षर व्हायला हवे. ही उलटापालट आणि जोडणी पँगो करतो. पण पँगोसह नवे जीटीके जास्त जागा घेते. म्हणून डॅम स्मॉलसारख्या डिस्ट्रो बरीच वर्षे मुख्यतः जुन्या १.२ वरच राहिल्या. ५० एमबीच्या हिशेबात तो निर्णय बरोबर होता. तो घेणाऱ्याच्या टेबलावर देवनागरी नव्हती, एवढेच.

आणि ती तीन-तीन चिन्हे? केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'महाराष्ट्र' या शब्दात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. तोच शब्द रोमनमध्ये अकरा बाइटांत होतो. जुन्या प्रोग्रॅमला यूटीएफ-८ कळत नसल्यामुळे तो प्रत्येक बाइट हे एक युरोपीय अक्षर समजत होता. ती भाषा कुठलीच नव्हती. ती मराठीच होती, सुटी करून मांडलेली.

लहान आणि तरीही आपले

लहान व्यवस्थेत देवनागरी बसतच नाही, असा निष्कर्ष येथे कोणी काढेल. तो चुकीचा ठरेल. २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत आले. भारतातल्या या पहिल्या प्रयोगात मुलांच्या हाती पडलेल्या त्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हतीच. १ जीबीची फ्लॅश साठवण आणि २५६ एमबी मेमरी, त्यावर फेडोरापासून छाटून काढलेले लिनक्स. पण मजकुरासाठी तेथे पँगो होता, आणि या यंत्रासाठी देवनागरी कळफलकही तयार झाला. जगभरातल्या मुलांसाठी बनवायचे हे आधीच ठरले असल्याने लिपी वगळण्याच्या यादीत गेली नाही. इतर अनेक गोष्टी गेल्या. या प्रकल्पाचे पुढे काय झाले हा वेगळा आणि वादाचा विषय आहे. एवढ्या जागेत लिपी मावते, हे मात्र तेथे सिद्ध झाले.

फॉन्टचा प्रश्नही जागेचा नव्हता. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले 'लोहित' फॉन्ट कोणालाही घेता येत होते. देवनागरीचा असा एक फॉन्ट एक एमबीपेक्षाही कमी जागा घेतो. पन्नासात एक.

फ्लॉपीपासून क्लाउडपर्यंत

फ्लॉपी गेली, पण लहान लिनक्सचा वंश खुंटला नाही. नव्वदच्या दशकात 'लिनक्स राउटर प्रोजेक्ट' एका फ्लॉपीवरून जुन्या संगणकाचा राउटर करत असे. त्यातून 'लीफ' हा प्रकल्प निघाला, आणि लीफच्या एका शाखेतून नतानेल कोपा यांचे 'अल्पाइन लिनक्स'. बिझीबॉक्स आणि 'मुसल' नावाची आटोपशीर सी लायब्ररी यांवर ते उभे आहे. २०१३ नंतर डॉकरचे युग आले. एकेका सर्व्हरवर शेकडो बंद पेट्यांत प्रोग्रॅम चालू लागले आणि प्रत्येक पेटीच्या तळाशी काहीतरी लहान लिनक्स लागू लागले. अल्पाइनची तळपेटी सुमारे ५ एमबीची. डेबियननेही 'स्लिम' पेट्या काढल्या. त्यांतून वगळले काय? वापराची माहितीपत्रके आणि भाषांतरे. सर्व्हरच्या बंद पेटीत कोणी वाचायला बसत नाही, म्हणून हे योग्यच. पण जागा वाचवायची म्हटले की पहिला हात भाषेवर पडतो, ही सवय फ्लॉपीपासून येथपर्यंत चालत आली आहे.

दुसरीकडे, डेस्कटॉपवर लहान या शब्दाचा अर्थच बदलला. २०२४ च्या फेब्रुवारीत जॉन अँड्र्यूजने डॅम स्मॉल लिनक्स पुन्हा काढले. आता ते 'अँटिएक्स' या डिस्ट्रोवर आधारलेले आहे आणि मर्यादा ५० ऐवजी ७०० एमबी, म्हणजे पूर्ण एक सीडी. कारण मुख्यतः ब्राउझर. आजच्या वेबसाइटी दाखवू शकणारा ब्राउझर एकटाच जुन्या डॅम स्मॉलपेक्षा मोठा भरतो. जुन्या यंत्रांचा आधारही सुटत चालला आहे. २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून कर्नलने ३८६ प्रोसेसर सोडला. ज्या यंत्रावर लिनक्स जन्मले तेच ते यंत्र. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि बसवण्याची व्यवस्था राहिलेली नाही.

निवड करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ३२ जीबी साठवणीचे स्वस्त लॅपटॉप आजही अनेक घरांत, शाळांत आणि वाचनालयांत आहेत. विंडोज ११ किमान ६४ जीबी मागते. म्हणजे जागेत मावणारे लिनक्स निवडण्याची वेळ पुन्हा अनेकांवर आली आहे. माझ्या अनुभवातून सांगतो.

डिस्क शंभर-दोनशे एमबीची असेल आणि काम एकच असेल, तर टायनी कोअर. दोन ते चार जीबी असेल तर पपी, किंवा डेस्कटॉपशिवाय बसवलेले डेबियन आणि त्यावर एखादा हलका विंडो मॅनेजर. आठ जीबीच्या पुढे अँटिएक्स आरामात बसते. ३२ जीबीचा लॅपटॉप तर या हिशेबात श्रीमंतच. मात्र डिस्ट्रोचा आकार पाहण्याआधी एक मराठी फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. त्यात 'किर्ती', 'ज्ञानेश्वर', 'ऱ्हास', 'महाराष्ट्र' असे शब्द लिहा आणि डिस्ट्रो बसवण्याआधी चाचणीदाखल चालवून ती फाइल उघडून बघा. वेलांटी जागेवर आहे का, जोडाक्षर जुळते का, इनस्क्रिप्टने टाइप करता येते का, हे पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. २००६ साली ते आधी केले असते, तर माझा एक महिना वाचला असता.

त्या वाचनालयात अखेर मी डेबियनचा नुसता पाया बसवला. त्यावर आइसडब्ल्यूएम हा हलका विंडो मॅनेजर, जीटीके २ वर चालणारा लीफपॅड हा साधा संपादक आणि देवनागरी फॉन्ट. जागा मोकळी करण्यासाठी 'लोकेलपर्ज' नावाचे अवजार चालवले. ते विचारते, कोणत्या भाषा ठेवायच्या? मी मराठी आणि इंग्रजीवर खूण केली आणि बाकीच्या सगळ्या पुसल्या. तमिळ गेली, बंगाली गेली, टोरवाल्ड्सच्या देशातली फिनिशही गेली. यादी सरकताना मला जरा अवघडल्यासारखे झाले. माझ्या टेबलावर ज्या भाषा नव्हत्या त्या मी क्षणात काढून टाकल्या होत्या, त्या सीडीच्या कर्त्याने केले होते तसेच. फरक इतकाच की येथे अवजाराने मला विचारले होते, आणि यंत्र आमचे होते.

यादी पूर्ण व्हायला दीड वर्ष लागले. चार हजारांवर पुस्तके, लेखक, वर्गांक, दाखल क्रमांक, सगळे साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट मोजूनही ती फाइल एक एमबीच्या आतच राहिली. काम झाल्यावर बाईंनी तिची एक प्रत मागितली. मी एका फ्लॉपीवर ती उतरवून दिली, आणि त्या फ्लॉपीवर थोडी जागा उरली होती.